पोर्तुगालच्या आफ्रिकेतील राजकीय प्रभावाचा ऱ्हास आणि कोकण किनारा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

ठाणे शहरातील मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी ही मुळात एका किल्ल्याची तटबंदी होय, हे ठाणेकरांना सर्वसाधारणपणे ठाऊक असते. पोर्तुगिजांनी हा किल्ला १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला आणि तो पुरा होण्यापूर्वीच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकून घेतला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेचा हा प्रारंभ होता. मात्र ज्या राजसत्तेने ठाण्याचा किल्ला बांधावयास घेतला, त्याच राजसत्तेच्या आणि गोव्यात बसणाऱ्या त्याच व्हाइसरॉयच्या अंमलाखाली त्या काळी आफ्रिकेचा मोझांबिक किनाराही होता, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासलेखनात क्वचितच विचारात घेतली जाते. वसईचा विजय हा मराठ्यांच्या इतिहासात येतो, गोवामुक्ती भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या प्रकरणात येते, आणि अंगोला-मोझांबिकचे स्वातंत्र्य जागतिक राजकारणाच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसते. अशा रीतीने एकाच सत्तेच्या ऱ्हासाचे तीन तुकडे तीन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले गेले आहेत.

प्रस्तुत लेखात हे तुकडे जोडून पाहण्याचा प्रयत्न आहे. पोर्तुगालचा आफ्रिकेतील राजकीय प्रभाव ओसरण्याची प्रक्रिया केवळ आफ्रिकेच्या भूमीवर घडली नाही. तिच्या दोन्ही निर्णायक टप्प्यांत कोकण किनारा गुंतलेला आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यांतही डिसेंबर १९६१ मधील गोव्याच्या शरणागतीची जी आठवण पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात राहिली, तिचा एप्रिल १९७४ च्या लिस्बनमधील सत्तांतराशी असलेला संबंध या लेखात विशेषत्वाने तपासला आहे.

एका सत्तेचे दोन किनारे

पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील राज्याला 'एस्तादो द इंडिया' असे नाव होते. नावात 'इंडिया' असले तरी आग्नेय आफ्रिकेपासून पूर्वेकडील सर्व ठाणी या राज्यात मोडत. दक्षिण कोकणातील गोवा ही राजधानी. वसई, ठाणे, चौल, दमण, दीव ही उत्तरेकडील ठाणी. आणि समुद्रापलीकडे मोझांबिक बेट, सोफाला, झांबेझीचे खोरे व मोंबासाचा फोर्ट जीझस. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली, तेव्हापासून ठाणे, साष्टी आणि वसई या मुलुखातील तांदूळ व जहाजबांधणीचे लाकूड या राज्याच्या उपयोगी पडू लागले. दीवच्या वाण्यांचे कापड मोझांबिकला जाई आणि तेथून हस्तिदंत येई. या व्यापाराचा मक्ता १६८६ मध्ये दीव येथील वाण्यांच्या मंडळीला देण्यात आला होता. हस्तिदंताबरोबर गुलामही आणले जात. आफ्रिकी गुलामांचे गोव्यातील अस्तित्व हा या व्यापाराचा काळाकुट्ट भाग असून, त्याविषयी आपण अद्याप पुरेसे लिहिलेले नाही.

या सत्तेला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जे धक्के बसले, ते दोन्ही किनाऱ्यांवर जवळजवळ एकाच सुमारास बसले. मोंबासाचा फोर्ट जीझस ओमानच्या अरबांनी १६९८ मध्ये जिंकला. पोर्तुगिजांनी तो १७२८ मध्ये परत मिळविला. परंतु वर्षाभरातच, १७२९ मध्ये, तो त्यांच्या हातून कायमचा गेला. पुढे आठ वर्षांनी ठाणे गेले आणि मे १७३९ मध्ये वसई गेली. मोंबासा गमावल्यानंतर पूर्व आफ्रिकेतील पोर्तुगीज सत्ता केप डेल्गाडोच्या दक्षिणेस मर्यादित झाली आणि वसई गमावल्यानंतर गोव्याच्या तिजोरीचा मोठा आधार नाहीसा झाला. १७५२ मध्ये लिस्बनने मोझांबिकचा कारभार गोव्यापासून वेगळा केला. या निर्णयामागे प्रशासकीय सोयीची अनेक कारणे होती हे खरे. तथापि वसईविना दुबळ्या झालेल्या गोव्याला दोन हजार कोसांवरील किनारा सांभाळणे झेपणारे नव्हते, हेही त्यातील एक कारण मानावयास हरकत नसावी. पोर्तुगीज सत्तेच्या ऱ्हासाचा पहिला टप्पा तो हाच. तो घडविण्यात मस्कतच्या आरमाराचा जेवढा वाटा आहे, तेवढाच वसईच्या तटाखाली सुरुंग लावणाऱ्या मावळ्यांचाही आहे.

मोझांबिकला न गेलेले शिपाई

कारभार वेगळा झाला, तरी माणसांचे जाणे-येणे थांबले नाही. एकोणिसाव्या शतकात तर मोझांबिकमधील पोर्तुगीज सत्ता पुष्कळ अंशी गोमंतकीयांच्या बळावर उभी होती. कारकून, वैद्य, पाद्री, व्यापारी आणि झांबेझीच्या खोऱ्यातील जमीनदार यांत गोमंतकीय मोठ्या संख्येने आढळतात. यांपैकी सर्वांत ठळक नाव म्हापशात १८३५ मध्ये जन्मलेल्या मॅन्युएल अंतोनियो द सौझा यांचे होय. आफ्रिकेत 'गौव्हेया' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या गृहस्थाने हस्तिदंताच्या व्यापारातून सुरुवात करून गोरोंगोझाच्या परिसरात स्वतःची सशस्त्र ठाणी उभारली आणि मानिकाच्या प्रदेशात पोर्तुगालचा झेंडा पोहोचविला. नोव्हेंबर १८९० मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या लोकांनी त्यांना अटक केली. अंगोला आणि मोझांबिक जोडणाऱ्या सलग साम्राज्याचे पोर्तुगालचे स्वप्न ब्रिटनने ११ जानेवारी १८९० च्या निर्वाणीच्या खलित्याने त्याआधीच मोडून टाकले होते. आफ्रिकेत जिंकण्यास उत्सुक, परंतु युरोपात कुणाला अडविण्यास असमर्थ, अशी पोर्तुगालची जी स्थिती तेव्हा होती, तीच पुढे १९६१ मध्येही दिसते.

गौव्हेयांनी साम्राज्याची सेवा पत्करली, तर त्यांच्याच पिढीतील इतर काहींनी ती नाकारली. १८९४ मध्ये लौरेंसो मार्क्विसच्या परिसरात उठाव झाला आणि पाठोपाठ गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्याविरुद्ध मोहीम काढण्याचे ठरले. यासाठी गोव्यातील मराठा शिपायांना मोझांबिकला धाडण्याचा हुकूम सुटला. सप्टेंबर १८९५ मध्ये या शिपायांनी जाण्यास नकार दिला आणि शस्त्रांसह सत्तरीची वाट धरून नाणूसचा किल्ला गाठला. दादा राणे त्यांना येऊन मिळाले आणि बंड पसरले. ते मोडण्यासाठी खुद्द राजाचा भाऊ राजपुत्र आफोंसो याला लिस्बनहून फौज घेऊन गोव्यात यावे लागले.

या बंडाचे वर्णन बहुधा 'राण्यांचे अखेरचे बंड' असे केले जाते आणि समुद्रपर्यटनाने जात बुडेल ही शिपायांची भीती तेवढी कारण म्हणून सांगितली जाते. ती भीती होतीच. पण एवढ्यावर थांबणे बरोबर होणार नाही. ज्या फौजेने मोझांबिक राखावयाचे, तिलाच आवरण्यासाठी लिस्बनहून दुसरी फौज गोव्यात आणावी लागली, हा या घटनेचा खरा राजकीय अर्थ होय. गुंगुन्याना डिसेंबर १८९५ मध्ये पकडला गेला, पण सत्तरीचे शिपाई त्या मोहिमेत नव्हते. त्यांच्या मनात आफ्रिकी जनतेविषयी बंधुभाव होता असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. परंतु एका वसाहतीच्या माणसांनी दुसरी वसाहत दाबून ठेवण्याची यंत्रणा त्यांनी एका जागी तरी बंद पाडली, हे नाकारता येत नाही.

'सागरपार प्रांत' : एक कायदेशीर ढाल

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, फ्रान्स व हॉलंड यांनी आशियातून पाय काढता घेतला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने नेमका उलटा मार्ग धरला. १९५१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकण्यात आला आणि गोवा, अंगोला, मोझांबिक हे सर्व 'सागरपार प्रांत' ठरले. वसाहतीच नाहीत, तर त्या सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असा हा युक्तिवाद होता. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले, तेव्हा 'आपल्या ताब्यात कोणतेही अस्वायत्त प्रदेश आहेत काय?' या चौकशीला त्याने नकारार्थी उत्तर दिले. पोर्तुगाल नाटो कराराचा संस्थापक सदस्य होता. अझोर्स बेटांवरील हवाई तळ अमेरिकेला हवा होता. त्यामुळे या शब्दच्छलाला पाश्चात्त्य राष्ट्रांनी बराच काळ चालवून घेतले.

या ढालीला पहिला तडा गेला तो जुन्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेवर. दादरा व नगर हवेली हा पोर्तुगीज मुलूख त्या वेळी ठाणे जिल्ह्याला लागून होता. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये आझाद गोमंतक दल व अन्य संघटनांच्या स्वयंसेवकांनी तो मुक्त केला. सिल्वासा २ ऑगस्ट रोजी हाती आले. या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी होती, ही गोष्ट महाराष्ट्राला सुपरिचित आहे. तिचे आंतरराष्ट्रीय पर्यवसान मात्र तितके परिचित नाही. दमणहून सैन्य नेण्यासाठी भारताने वाट द्यावी, अशी मागणी करीत पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. या दाव्यात पोर्तुगालचा आधार होता पेशव्यांशी झालेला १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. मराठी मजकुराचा नेमका अर्थ काय, पेशव्यांनी या गावांचे सार्वभौमत्व दिले की सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाचा केवळ सरंजाम दिला, यावर हेगमध्ये युक्तिवाद झाले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पेशव्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता मूकपणे मान्य केल्यामुळे तिला वैधता आली, असेही म्हटले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला. सैन्य, पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी नाही. शिवाय भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा निर्वाळा मिळाला.

पोर्तुगालला कागदावर काही मिळाले, प्रत्यक्षात काहीच नाही. याच सुमारास १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर गोव्याच्या हद्दीत गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले होते. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधू लिमये यांनी त्या वर्षी सोसलेल्या मारहाणीचा व तुरुंगवासाचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

पुढचा तडा न्यू यॉर्कमध्ये गेला. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव क्रमांक १५४२ संमत करून पोर्तुगालच्या अस्वायत्त प्रदेशांची यादीच प्रसिद्ध केली. त्या एकाच यादीत अंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्दे, साओ टोमे, मकाव, तिमोर यांच्याबरोबर गोवा व त्याचे उपप्रदेशही होते. सर्व प्रांत समान आहेत, हे सालाझारचे म्हणणे जगाने अशा रीतीने स्वीकारले. फक्त ते सर्व समान रीतीने वसाहती आहेत, या अर्थाने.

१९६१

१९६१ हे वर्ष सालाझारच्या राजवटीला सर्वांत वाईट गेले. ४ फेब्रुवारी रोजी लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला झाला आणि १५ मार्चपासून उत्तर अंगोलात उठाव पेटला. एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची संयुक्त परिषद स्थापन झाली. त्या परिषदेत अंगोला, गिनी, मोझांबिक यांच्यासह गोव्याचेही प्रतिनिधित्व होते आणि तिच्या कामात बारदेशात जन्मलेले अकिनो द ब्रागांझा यांचा मोठा वाटा होता. १ ऑगस्ट रोजी दाहोमी (आजचे बेनिन) या नव्या राष्ट्राने आपल्या किनाऱ्यावरील अजुदाचा चिमुकला पोर्तुगीज किल्ला ताब्यात घेतला. तेथील पोर्तुगीज अधिकाऱ्याने तो सोडण्यापूर्वी जाळण्याचा प्रयत्न केला. सामरिक दृष्ट्या कवडीमोल असा हा किल्ला. परंतु पुढे गोव्याविषयी जे हुकूम सुटणार होते, त्यांची पूर्वसूचना या आगीत होती.

ऑक्टोबर १९६१ मध्ये नवी दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींच्या प्रश्नावर परिसंवाद भरला. आफ्रिकी प्रतिनिधींनी तेथे उघड विचारणा केली की, भारतासारखे मोठे राष्ट्र आपल्या दारातील गोवा सोडवीत नसेल, तर आफ्रिकेतील लहान संघटनांनी कुणाकडे पाहावे? चौदा वर्षे वाटाघाटींचा मार्ग चोखाळणाऱ्या पंडित नेहरूंवर देशांतर्गत दडपण होतेच. त्यात आता आफ्रिकेतील प्रतिष्ठेचाही प्रश्न आला. प्रस्तुत लेखकाच्या मते भारताच्या डिसेंबरमधील निर्णयाचे मूल्यमापन करताना या आफ्रिकी दडपणाला आजवर मिळाले त्यापेक्षा अधिक वजन द्यावयास हवे. निवडणुका जवळ आल्या म्हणून गोव्यावर चाल केली, हा परदेशी टीकाकारांचा आवडता दावा दिल्लीतील त्या परिसंवादाकडे डोळेझाक केल्याशिवाय टिकत नाही.

१७ डिसेंबरच्या रात्री सुरू झालेली कारवाई १९ डिसेंबरच्या सायंकाळी गव्हर्नर-जनरल वासालो इ सिल्वा यांच्या शरणागतीने संपली. सालाझारने त्यांना आधीच कळविले होते की, शरण येणे मान्य नाही; विजयी अथवा मृत, एवढेच सैनिक त्याला अपेक्षित होते. सुमारे साडेतीन हजारांच्या अपुऱ्या फौजेनिशी असा हुकूम पाळणे म्हणजे गोव्यातील नागरी वस्तीसह आत्मनाश करणे होते. वासालो इ सिल्वा यांनी ते केले नाही. गोमंतकीयांनी या एका गोष्टीबद्दल त्यांचे ऋण मानण्यास हरकत नाही.

१८ डिसेंबर रोजी सुरक्षा समितीत युद्धबंदी व माघारीचा पाश्चात्त्य ठराव आला. बाजूने सात आणि विरोधात चार मते पडली; सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. ही चार मते कोणाची होती? रशियाखेरीज सिलोन, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि लायबेरिया यांची. म्हणजे समितीतील दोन्ही आफ्रिकी राष्ट्रे भारताच्या बाजूने उभी राहिली. आपल्याकडे रशियाच्या नकाराधिकाराची आठवण सर्वांना आहे. लायबेरियाच्या मताची नाही.

या घटनेची किंमत चुकविणारेही होते. मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना, ज्यांत गुजराती हिंदू व्यापारी मुख्यत्वे होते, छावण्यांत डांबण्यात आले, त्यांची मालमत्ता गोठविण्यात आली आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. त्याचप्रमाणे गोवा मुक्त झाल्यावरही मोहन रानडे यांना जानेवारी १९६९ पर्यंत लिस्बनजवळच्या काशियास येथील तुरुंगात राहावे लागले.

गोव्याची आठवण

गोव्याच्या पराभवाने पोर्तुगालचा आफ्रिकेतील अंमल ताबडतोब ढिला झाला असे मानणे चूक ठरेल. उलट सालाझारने पकड अधिक घट्ट केली. गिनीत १९६३ मध्ये आणि मोझांबिकमध्ये सप्टेंबर १९६४ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला, तेव्हा गोव्याची पुनरावृत्ती होऊ द्यावयाची नाही, हीच लिस्बनची भूमिका होती. सत्तरीच्या दशकारंभी आफ्रिकेतील पोर्तुगीज फौजेची संख्या लाखाच्या बरीच वर गेली होती आणि सरकारी खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग संरक्षणावर पडत होता. युरोपातील एका गरीब देशाला हा भार तेरा वर्षे वाहावा लागला, आणि या युद्धांत त्याचे आठ हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. आफ्रिकी मृतांची संख्या याच्या अनेक पट होती.

गोव्याचा खोल परिणाम दुसरीकडे, म्हणजे पोर्तुगीज सैन्याच्या अंतरंगात झाला. भारताने पकडलेले तीन हजारांहून अधिक युद्धकैदी मे १९६२ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे स्वागत पराभूत पण निर्दोष सैनिक म्हणून झाले नाही. १९६३ मध्ये वासालो इ सिल्वा व त्यांच्या काही सहकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. राजकीय नेतृत्वाने आपल्या हट्टापायी अशक्य आज्ञा द्यावयाच्या आणि अपयशाचे खापर सैन्यावर फोडावयाचे, हा धडा प्रत्येक पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्या दिवशी गिरविला.

मार्च १९७३ पासून गिनीतील बंडखोरांच्या हाती विमानवेधी क्षेपणास्त्रे आली आणि पोर्तुगीज हवाई दलाचे वर्चस्व संपुष्टात आले. तेथे लष्करी पराभव आता कल्पनेतला राहिला नव्हता. सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो याने जनरल स्पिनोला यांना सांगितले होते की, वाटाघाटींपेक्षा गिनीत लष्करी पराभव पत्करणे बरे. या वाक्याचा अर्थ अधिकाऱ्यांना उमगण्यास वेळ लागला नाही. दुसरा गोवा होणार आणि दुसरा वासालो इ सिल्वा आपल्यापैकी कुणीतरी ठरणार! गिनीतील तरुण कॅप्टनांच्या चर्चांत गोव्याचा उल्लेख वारंवार येत असे. जुलै १९७३ मधील बढतीविषयक अध्यादेशामुळे निर्माण झालेला असंतोष हे सैनिकी चळवळीचे तात्कालिक कारण होते हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्या व्यावसायिक गाऱ्हाण्याला राजकीय बंडाचे रूप देणाऱ्या गोष्टींत गोव्याच्या आठवणीचे स्थान महत्त्वाचे आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी या कॅप्टनांनीच राजवट उलथून टाकली.

येथे अतिशयोक्तीचा मोह टाळावयास हवा. साम्राज्य संपविले ते प्रामुख्याने आफ्रिकी जनतेच्या लढ्याने. २० जानेवारी १९७३ रोजी मारले गेलेले अमिल्कार काब्राल आणि त्यांचे हजारो सहकारी यांचे श्रेय मांडवीच्या काठी आणून ठेवण्याचे कारण नाही. आफ्रिकेतील दबाव नसता तर गोव्याची आठवण ही पेन्शनर अधिकाऱ्यांची केवळ एक कुरकुर होऊन राहिली असती. त्या दबावाखाली मात्र ती स्फोटक ठरली.

पुढील घटना वेगाने घडल्या. गिनी-बिसाऊला सप्टेंबर १९७४ मध्ये मान्यता मिळाली. मोझांबिक २५ जून १९७५ रोजी आणि अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. या दोहोंच्या आधी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांनी करारावर सह्या केल्या आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. आफ्रिकेतून निघून जाण्याचा निर्णय घेतल्यावाचून लिस्बनला गोवा गेल्याचे कबूल करता आले नाही, हा क्रम बोलका आहे.

सत्तेनंतरचा प्रभाव

वसाहत सोडल्यावरही जुन्या सत्ताधाऱ्याचा प्रभाव राहू शकतो. फ्रान्सने १९६० मध्ये पश्चिम आफ्रिका सोडताना लष्करी तळ, करार आणि फ्रँकशी जोडलेले चलन मागे ठेवले. म्हणून तिथला त्याचा प्रभाव ओसरण्यास सहा दशके लागली. फ्रेंच सैन्य मालीतून २०२२ मध्ये, बुर्किना फासो व नायजरमधून २०२३ मध्ये आणि चाड व सेनेगलमधून २०२५ मध्ये बाहेर पडले. पोर्तुगालला असे काहीही मागे ठेवता आले नाही. वाटाघाटींचे दार त्याने चौदा वर्षे बंद ठेवल्यामुळे, निघण्याच्या घटकेला सौदा करण्यास त्याच्या हाती काही उरले नव्हते.

अंगोलातील यादवीत अमेरिका, रशिया, क्यूबा, दक्षिण आफ्रिका हे खेळाडू होते. पोर्तुगाल प्रेक्षक होता. मे १९९१ चा बिसेस करार त्याच्या मध्यस्थीने झाला खरा, पण पुढच्याच वर्षी निवडणुकांनंतर तो कोसळला. मोझांबिकमधील शांतता करार ऑक्टोबर १९९२ मध्ये झाला तो रोममध्ये, एका कॅथलिक धर्मसंस्थेच्या मध्यस्थीने. १९९५ मध्ये मोझांबिक राष्ट्रकुलात सामील झाले, वास्तविक ब्रिटनची सत्ता तेथे कधीच नव्हती. १९९७ मध्ये गिनी-बिसाऊने फ्रँकशी जोडलेले पश्चिम आफ्रिकी चलन स्वीकारले. याच्याच मध्ये जुलै १९९६ मध्ये लिस्बनमध्ये पोर्तुगीज भाषक राष्ट्रांचा समुदाय स्थापन झाला. परंतु २०१४ मध्ये पोर्तुगालच्या नाखुषीला न जुमानता इक्वेटोरियल गिनीला त्यात प्रवेश देण्यात आला.

झांबेझीवरील काहोरा बासा धरणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. साम्राज्य टिकविण्याच्या हेतूने १९६९ पासून बांधलेल्या या धरणाची मालकी स्वातंत्र्यानंतरही मुख्यत्वे पोर्तुगालकडे राहिली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये सुमारे ९५ कोटी डॉलरच्या व्यवहारानंतर मोझांबिकने ८५ टक्के हिस्सा आपल्याकडे घेतला. अंगोलाच्या बाबतीत तर गंगा उलटी वाहू लागली. तेलाच्या पैशावर अंगोलाच्या धनिकांनी लिस्बनमधील बँकांत हिस्से घेतले. नोव्हेंबर २०११ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या पोर्तुगालचे पंतप्रधान गुंतवणुकीची विनंती घेऊन लुआंडाला गेले. अंगोलाच्या एका माजी उपराष्ट्राध्यक्षांवरील लिस्बनमधील खटला अंगोलाच्या आग्रहानंतर मे २०१८ मध्ये अंगोलाकडे वर्ग करण्यात आला. केप डेल्गाडोत २०२१ मध्ये दहशतवादाशी लढण्यासाठी मोझांबिकने बोलावले ते रुवांडाचे सैनिक. युरोपीय संघाच्या पोर्तुगीज नेतृत्वाखालील पथकाकडे प्रशिक्षणाचे काम आले.

राहिली ती भाषा आणि राहिली ती माणसे. या माणसांत गोमंतकीय दोन्ही बाजूंना दिसतात. नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले आणि गोवामुक्तीसाठी झटलेले पियो गामा पिंटो यांनी केनियाच्या स्वातंत्र्यासाठी स्थानबद्धता भोगली व पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तीसाठीही काम केले; २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची हत्या झाली. अकिनो द ब्रागांझा हे मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात त्यांच्यासमवेतच मृत्यू पावले. लेखक ऑर्लांडो द कोस्टा हे मोझांबिकमधील लौरेंसो मार्क्विस येथे १९२९ मध्ये एका गोमंतकीय कुटुंबात जन्मले, गोव्यात वाढले आणि लिस्बनमध्ये सालाझारच्या विरोधकांत वावरले. त्यांचे पुत्र अंतोनियो कोस्टा हे २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते.

मोझांबिकमधील विरियामू या गावी १६ डिसेंबर १९७२ रोजी पोर्तुगीज सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांची हत्या केली होती. जुलै १९७३ मध्ये कायतानोच्या लंडन भेटीच्या तोंडावर ही बातमी इंग्रजी वृत्तपत्रात आली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने असे गावच अस्तित्वात नसल्याचा कांगावा केला. सप्टेंबर २०२२ मध्ये मापुटो येथे, म्हणजे पूर्वीच्या लौरेंसो मार्क्विसमध्येच, पंतप्रधान अंतोनियो कोस्टा यांनी त्या हत्याकांडाबद्दल पोर्तुगालच्या वतीने क्षमा मागितली.